झाडाला किती घालतीस?

गेल्या ऑक्टोबरात मामाने त्याच्या अंगणातलं झाड तोडलं आणि त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. मिशिगनमधलं त्याचं घर, समोर कापलेलं गवत आणि कोपऱ्यात दोन मजले उंच ब्लू स्प्रूस. खालून अर्ध्यापर्यंत नुसत्या वाळक्या काड्या, वर तेवढा निळसर शेंडा. हेल्मेट घातलेला एक माणूस यंत्राच्या पाळण्यात बसून वर गेला आणि अकरा मिनिटांच्या व्हिडिओत झाड संपलं. धाराशिवला आमच्या घरी आईने तो दोनदा पाहिला. मग मोबाइल पालथा ठेवून म्हणाली, "आपल्याही झाडाचं ठरवून टाका आता काय ते."

मामाच्या झाडाचं आणि आमच्या झाडाचं नातं आहे. ते आधी सांगते.

2008 मध्ये मामा भारतात आला तेव्हा त्याच्याकडे एक फोटो होता. बर्फ पडलेलं अंगण आणि त्यात राखाडी-निळ्या रंगाचं, मंदिराच्या शिखरासारखं निमुळतं झाड. पप्पा त्या फोटोच्या प्रेमातच पडले. झाड निळं असू शकतं हेच त्यांना पटत नव्हतं. दोन वर्षांनी बार्शी नाक्याच्या पुढे आमचं घर बांधून झालं, तेव्हा फाटकाशी तसंच झाड लावायचं हे त्यांनी फरशीचा रंग ठरवण्याआधी ठरवलं होतं. पुण्याहून परत येताना सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत त्यांनी फोटो दाखवला. नर्सरीवाला म्हणाला, "ख्रिसमस ट्री ना? हे काय." आणि त्याने कुंडीतलं गुडघाभर उंचीचं झाड पुढे केलं. ते निळं नव्हतं. "मोठं झालं की रंग येतो," असंही तो म्हणाला म्हणे.

रंग कधीच आला नाही, कारण ते स्प्रूस नव्हतंच. ब्लू स्प्रूस हे अमेरिकेतल्या रॉकी पर्वताचं झाड. कोलोरॅडोने 1939 मध्ये ते आपलं राज्यवृक्ष केलं. त्याचा निळेपणा म्हणजे सुयांवरचा मेणाचा थर. आपल्याकडे द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी भुकटी असते ना, बोट फिरवलं की निघते, तसलाच प्रकार. डोंगरावरच्या कडक उन्हात आणि कोरड्या हवेत पानातलं पाणी जपायला हे मेण उपयोगी पडतं. त्या झाडाला खरी थंडी लागते, नुसता डिसेंबरातला स्वेटर नव्हे. आजकाल ऑनलाइन त्याच्या बियांची पाकिटं मिळतात, वर भडक निळा फोटो असतो. माझ्या मावसभावाने ती मागवून, सांगितल्याप्रमाणे महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून, पेरलीही होती. सहा रोपं आली. एप्रिलमध्ये सहाही गेली.

आमच्या फाटकाशी आलं ते अरोकेरिया. दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं झाड, समुद्राच्या वाऱ्यात वाढणारं. याच्या दोन जाती सहसा दिसतात, नॉरफोक आयलंड पाइन आणि कुक पाइन, आणि पहिलीच्या नावाने दुसरी विकली जाणं जगभर चालतं. आमचं झाड दुसरं असावं, कारण ते वाकडं आहे. हे नीट लावलं नाही म्हणून झालं असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं. गवंडीकाका म्हणाले वाऱ्याने, शेजारचे म्हणाले दक्षिणेकडे कललंय म्हणजे वास्तुदोष. मग 2017 मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाच खंडांमधली 256 कुक पाइन मोजली आणि असं दिसलं की ही झाडं विषुववृत्ताच्या दिशेने झुकतात, सरासरी साडेआठ अंशांनी. म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. हे वाचून पप्पांना केवढा आनंद झाला होता! त्यांनी शेजारच्यांना बोलावून मोबाइलवर दाखवलं. कुठे ते बेट आणि कुठे धाराशिव, पण झाडाला विषुववृत्त कुठे आहे ते कळतं.

पप्पांनी या झाडासाठी केलं नाही असं काही नाही. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडाची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात, म्हणून तीन फूट खड्डा घेऊन त्यात मुरूम, वाळू आणि शेणखत भरलं. शेंडा मोडला तर झाडाचा आकार कायमचा बिघडतो, म्हणून पतंगाच्या दिवसांत त्याच्या आसपास मुलांना फिरकू दिलं नाही. खालची फांदी एकदा वाळली की तिथे पुन्हा फुटत नाही, म्हणून उन्हाळ्यात आळ्यात उसाचं पाचट अंथरायचे. एकदा त्यांनी बाजूची फांदी कापून दुसऱ्या कुंडीत लावली. जगली ती, पण उभी वाढेना, जमिनीला समांतर सरकत राहिली. अरोकेरियाचं असंच असतं, आडवी फांदी लावली तर तिला आडवं असल्याचंच आठवतं. ती कुंडी अजून गच्चीवर आहे. कपडे वाळत घालताना पायात येते.

आता 2016.

तेव्हा मी दहावीची परीक्षा दिलेली. आमच्या भागात नळ दहा-बारा दिवसांनी यायचा, बोअर फेब्रुवारीतच बंद पडलेलं, टँकरसाठी नंबर लावायचा. शेजारच्या लातूरला, जे 1982 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच एप्रिलात. 12 तारखेला पहिली गाडी पोचली, दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. आम्ही टीव्हीवर ती गाडी बघत होतो आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानाच्या गवतावर पाणी ओतायचं आणि माणसं घागरी घेऊन उभी, हे चालणार नाही, असा एकूण वाद होता. माझा भाऊ चिडला होता. मॅच नेल्याने लातूरच्या माणसाच्या घागरीत पाणी कसं पडणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता.

रोज संध्याकाळी सहा वाजता ख्रिसमस ट्रीला दोन बादल्या घालायचं काम माझं होतं. भांडी विसळलेलं पाणी पुरायचं नाही, मग हौदातलं घालायचे. आमच्याकडे भांडी घासायला मावशी यायच्या. त्यांच्या वस्तीत टँकर तीन-चार दिवसांनी, म्हणून काम संपल्यावर आई त्यांना एक घागर भरून द्यायची. तेवढंच देणं आम्हाला परवडायचं, असं आम्ही समजत होतो. एका संध्याकाळी मावशी घागर डोक्यावर घेऊन फाटकाशी आल्या तेव्हा मी दुसरी बादली ओतत होते. त्या थांबल्या. रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, "किती घालतीस गं त्याला?"

मी म्हटलं, "दोन बादल्या."

"रोज?"

"रोज."

"व्हय," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या रात्री मी हिशोब केला. पंधरा लिटरच्या दोन बादल्या, दोन महिने, म्हणजे अठराशे लिटर. लातूरच्या गाडीतल्या एका वॅगनचा अठ्ठाविसावा हिस्सा. म्हणजे काहीच नाही. पण मावशींच्या घागरीशी तुलना केली की दुप्पट. एकाच आकड्याचं काहीच नाही आणि दुप्पट असं दोन्ही होऊ शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि ते अजूनही मिटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मावशींना दोन घागरी द्यायला सांगितल्या असतील असं तुम्हाला वाटेल. मी काहीच सांगितलं नाही. मी फक्त झाडाला पाणी घालायची वेळ बदलली. त्या गेल्यावर, सातला.

या गोष्टीवर मी कॉलेजात असताना पर्यावरणाच्या गटातल्या मित्रमैत्रिणींशी बोलले, तेव्हा सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: झाड परदेशी होतं, देशी लावायला हवं होतं. हे उत्तर मला सोयीचं होतं, म्हणून काही वर्षं मी ते वापरलंही. पण ते नीट उभं राहत नाही. आमच्या घराच्या मागे चिंचा आहेत. चिंच मुळात आफ्रिकेची. बालाघाटच्या उतारांवर जे सीताफळ कुणी न लावता येतं, ज्याचा पाला शेळी तोंडात धरत नाही आणि म्हणून जे टिकलं, ते अमेरिका खंडातून आलं. गुलमोहर मादागास्करचा. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणाही समुद्रापलीकडचे. जिल्ह्यातला निम्मा खरीप ज्या सोयाबीनवर उभा आहे ते पूर्व आशियातलं. कोण कुठून आलं हे विचारायला लागलो तर ताटात भाकरीशेजारी फार थोडं उरेल. (ज्वारीचंही मूळ आफ्रिकेत आहे, त्यामुळे भाकरीही नाही.) आणि कुठून आलास हा प्रश्न माणसांना विचारला की त्याचं काय होतं ते आपण बघतोच आहोत. झाडांना तो विचारताना तरी आपण तो शुद्ध विज्ञानासाठीच विचारतो अशी मला खात्री वाटत नाही.

उलट मामाचं झाड बघा. ते अमेरिकेचंच होतं. कोलोरॅडोहून मिशिगनला आलेलं, एकाच देशातलं. पण रॉकीची कोरडी हवा वेगळी आणि मोठ्या तळ्यांच्या वेढ्यातला दमट उन्हाळा वेगळा. तिथे या झाडाच्या सुयांवर बुरशी येते. आतल्या, खालच्या सुया आधी जांभळट-तपकिरी होतात आणि गळतात, मग रोग वर चढत जातो. तिथेही रिकाम्या झालेल्या फांदीवर पुन्हा सुया येत नाहीत. मामाने तांबं असलेलं औषध दोन वसंत ऋतू मारलं, आपल्याकडे द्राक्षाला बोर्डो मारतात तसंच. नव्या सुया अर्ध्या वाढल्या की एकदा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. गवताचे फवारे झाडावर उडणार नाहीत असे वळवले. रोग थोडा थांबला, पण पूर्ण गेला नाही. त्याच्या रस्त्यावर त्याच वयाची आणखी सहा-सात झाडं तशीच उभी आहेत, कारण एके काळी त्या सगळ्या वसाहतीला फाटकाशी निळं झाड हवं होतं. झाडाला तिथे तहान नव्हती, उलट ओल जास्त झाली. पासपोर्ट बरोबर असूनही.

म्हणून देशी-परदेशी हा मुद्दा मी सोडून दिला. मला जास्त खुपते ती दुसरीच गोष्ट आहे, आणि ती मी मित्रांना कधी सांगितली नव्हती.

2012 मध्ये आमच्या कुंपणाच्या भिंतीशी आपोआप एक कडुनिंब आला होता. कुठल्या पाखराने निंबोळी टाकली असेल. त्याला कुणी पाणी घातलं नाही, आळं केलं नाही, कुणाला तो दिसलाही नाही. 2012-13 च्या दुष्काळातून तो एकटा निघाला. पंधरा फूट झाला तेव्हा दिसला, कारण भिंतीला तडा गेला. 2015 च्या दिवाळीआधी, रंगकाम काढलं तेव्हा, पप्पांनी माणूस लावून तो तोडला. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच अंगणात आम्ही सावली न देणाऱ्या झाडाला हौदातलं पाणी घालत होतो.

यात पप्पा वाईट नव्हते. जिल्ह्यात कुठेही जा, तसंच वागणारी घरं भरपूर सापडतील. पण कडुनिंबाने काही मागितलं नाही म्हणून त्याला काही मिळालं नाही, आणि जे झाड आमच्याशिवाय आठवडाभर टिकलं नसतं त्याच्यावर आमचा जीव जडला. आपण ज्यावर खर्च करतो ते आपल्याला प्रिय होत जातं, आणि मग तो खर्च आपल्याला चांगुलपणा वाटायला लागतो. पप्पा खरंच म्हणायचे, "एवढ्या दुष्काळात झाड जगवलं." हे वाक्य त्यांनी 1 जुलै 2016 ला, राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी, कौतुकाने सगळ्यांना सांगितलं. पुढे ते आकडे चार कोटी, तेरा कोटी, तेहेतीस कोटी असे वाढत गेले. एका दिवसात किती खड्डे भरले ते मोजता येतं. त्या खड्ड्यांना मे महिन्यात कुणाच्या वाट्याचं पाणी गेलं, हे मोजायला कुणी येत नाही.

तत्त्वज्ञानात एक प्रसिद्ध कोडं आहे. रिचर्ड राउटली नावाच्या तत्त्वज्ञाने ते 1973 मध्ये मांडलं. समजा पृथ्वीवर शेवटचा एकच माणूस उरलाय आणि मरण्याआधी तो जमेल तेवढी झाडं-प्राणी नष्ट करतोय. त्याच्यानंतर कुणीच नाही, म्हणजे कुणा माणसाचं नुकसान नाही. तरी तो चूक करतोय का? बहुतेक जण 'हो' म्हणतात, मीही म्हणते. म्हणजे झाडाला आपल्या उपयोगापलीकडे काही किंमत आहे. तेवढ्यापुरतं पटलं. पण धाराशिवात शेवटचा माणूस नसतो. फाटकाशी घागर घेऊन पुढचा माणूस उभा असतो. झाडाला स्वतःची किंमत आहे एवढं म्हणून माझी सुटका होत नाही, कारण मावशींनाही ती आहे आणि बादली एकच आहे.

मग उसाचं काय, असं तुम्ही म्हणाल. माझा भाऊ तर नेहमी म्हणतो. एका एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात आमच्यासारखी झाडं किती जगतील, आणि आपण दोन बादल्यांवर रडत बसायचं? हिशोब त्याचा बरोबर आहे. दुष्काळ आमच्या झाडाने आणला नाही आणि आम्ही पाणी बंद केल्याने तो गेला नसता. पण मावशींनी मला दुष्काळाबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, किती घालतीस. त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला उसाकडे बोट दाखवता येत नाही.

माझ्यापुरतं मी असं म्हणते. चूक पाणी घालण्यात नव्हती, चूक त्याच्या सहा वर्षं आधीची होती. जे झाड इथल्या वाईट वर्षात आपल्याआपण तगणार नाही, ते लावणं म्हणजे एक वचन देणं आहे, आणि ते वचन बऱ्या वर्षात स्वतःच्या पाण्यातून पाळता येतं, वाईट वर्षात मात्र ते दुसऱ्याच्या वाट्यातून पाळावं लागतं. ज्याने वचन दिलं त्याला हे लावताना दिसायला हवं. पप्पांना दिसलं नाही. त्यांना फोटोतलं निळं झाड दिसत होतं.

पण एकदा लावलं की पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे इतकं सरळ नाही. तुकोबांनी झाडांना सोयरे मानलं. सोयरा म्हणजे रक्ताचा नातेवाईक नव्हे, लग्नाने जोडलेला. तो दुसऱ्या गावचा असतो आणि त्याला आपण आपल्या दारात आणलेलं असतं. स्वतःहून आलेल्या कडुनिंबापेक्षा, लाज वाटली तरी, या झाडाचं माझ्यावर जास्त देणं आहे असं मला वाटतं, कारण ते इथे आमच्या हट्टाने आहे. चूक झाली म्हणून कुऱ्हाड घालायची, तर चूक आमची आणि किंमत झाडाची. आणि 2016 चं पाणी काही परत येणार नाही.

पप्पा 2021 च्या एप्रिलात गेले. त्यांनी दिलेलं वचन आता माझ्या आणि आईच्या अंगावर आहे. मेलेल्या माणसाचं वचन किती पाळायचं, याबद्दल मामाचं मत स्पष्ट आहे. त्याचं झाड त्याच्या आधीच्या घरमालकाने लावलेलं. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, मी वीस वर्षं सांभाळलं, माझ्याकडून झालं ते केलं. आता तिथे ओक लावणार, तो इथलाच आहे, माझ्यानंतर त्याला कुणी लागणार नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "पण खिडकीतून बघवत नाही गं अजून."

आईचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षी ती भावाकडे पुण्याला जाणार, घर भाड्याने द्यायचं, आणि भाडेकरूला झाडाला पाणी घाल असं कुठल्या तोंडाने सांगायचं. मी यंदा दोन गोष्टी केल्या. अंघोळीच्या पाण्याचा पाइप आळ्याकडे वळवला, आणि फेब्रुवारीपासून हौदातलं पाणी पूर्ण बंद केलं. म्हटलं, घरात जेवढी माणसं अंघोळ करतील तेवढंच त्याचं. मे महिन्यात खालच्या दोन फांद्या वाळल्या. त्या आता परत येणार नाहीत.

मध्यंतरी मावशी बाजारात भेटल्या. त्यांनी काम सोडून बरीच वर्षं झाली, मुलाकडे असतात. मी धीर करून त्या संध्याकाळबद्दल विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. एवढी वर्षं मी जे बाळगलं होतं त्याचा त्यांच्याकडे मागमूसही नव्हता, आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी उलटच झालं. त्यांना अशा किती संध्याकाळी लक्षात ठेवाव्या लागल्या असत्या!

"त्ये टोकदार झाड व्हय? हाय का अजून?"

"आहे."

"लई मोठं झालं आसंल."

"हो. वाकडं झालंय थोडं."

जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच्या आळ्यात कडुनिंबाची तीन रोपं उगवली आहेत. मागच्या गल्लीत मोठा कडुनिंब आहे, पाखरं येऊन बसतात ती या झाडाच्या आडव्या फांद्यांवर. खोडापासून वीतभरावर तिन्ही. आई म्हणते एक ठेव, बाकीची उपट, आणि मोठं झाड पावसाळा संपल्यावर काढू. मी रोज सकाळी जाऊन बघते. अजून तिन्ही आहेत.